परवलीची शब्दमाळ

परवलीची शब्दमाळ म्हणजे एकमेकांशी काहीही संबंध नसलेले पाच-सहा साधे शब्द ओळीने जोडून केलेला लांबलचक पासवर्ड. ‘परवलीचा शब्द’ हा मुळात पहाऱ्यावरचा संकेत. तो सांगितला तरच रात्री आत प्रवेश मिळे. संगणकात पासवर्ड आला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने केलेल्या प्रणालीत एकच यंत्र अनेकजण वापरत असत आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखायच्या होत्या.

लक्षात राहणारा पासवर्ड दुसऱ्यालाही सापडतो आणि न सापडणारा आपल्याच लक्षात राहत नाही, अशी समजूत सगळीकडे आहे. ती अर्धीच खरी आहे. शब्द सोपे असल्याने काही बिघडत नाही; ते आपण स्वतः निवडल्याने बिघडते.

ठाण्यात पासवर्ड कसा सुचतो ते पाहावे. सोसायटीचे नाव, मध्ये एखादे चिन्ह, शेवटी जन्मसाल. नाहीतर एमएच ०४ ने सुरू होणारा गाडीचा नंबर. वाशी-नेरुळकडे तोच एमएच ४३ ने. उपवन, येऊर, घंटाळी, तलावपाळी ही नावे तर प्रत्येक ठाणेकराच्या जिभेवर असतात, आणि म्हणूनच ती कुचकामी. दहा हजार सोसायट्या, शंभर सालं आणि दहा चिन्हे धरली तरी जुळण्या होतात एक कोटी. संगणकाला हे क्षणाचे काम. ‘ए’ऐवजी ‘@’ किंवा ‘ओ’ऐवजी शून्य टाकण्याची युक्ती अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅमना कधीच शिकवलेली आहे. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे बाहेर पडले. त्यांत सर्वांत जास्त वेळा आढळला तो ‘१२३४५६’. माणसे पासवर्ड कसे रचतात, हे तेव्हापासून हल्लेखोरांना घरबसल्या अभ्यासता येते.

म्हणून निवड फाशांवर सोपवायची. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘डाइसवेअर’ पद्धतीत ७,७७६ शब्दांची क्रमांकित यादी असते. फासा पाच वेळा टाकायचा, आलेले पाच आकडे ओळीने लिहायचे आणि त्या क्रमांकाचा शब्द घ्यायचा. सहाचा पाचवा घात ७,७७६, म्हणून यादी एवढी. ती जगाला ठाऊक असली तरी हरकत नाही. गुपित फक्त फाशात असते. चोरीला गेलेल्या, पण सांकेतिक रूपात साठवलेल्या पासवर्डांवर सेकंदाला एक लाख कोटी अंदाज चालवणारे यंत्र धरले, तर पाच शब्दांच्या सगळ्या जुळण्या ते सुमारे अकरा महिन्यांत संपवेल. सहावा शब्द जोडला की तीच मुदत सुमारे सात हजार वर्षांवर जाते. एका साध्या शब्दाने एवढा फरक पडतो. अट एकच: आवडला नाही म्हणून शब्द बदलायचा नाही. बदलला की निवड पुन्हा माणसाची झाली.

आता लक्षात ठेवण्याचे. समजा शब्द आले: कंदील, परात, जिराफ, वळचण, तिकीट, उसळ. आता ठाणे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडायचे, मनातल्या मनात. सॅटिस पुलाच्या कठड्याला कंदील टांगलेला. जांभळी नाक्यावर भाजीवालीने टोपलीऐवजी परात मांडलेली. कोपिनेश्वराच्या दारात जिराफ मान वाकवून उभा. तलावपाळीवर बसायला गेलो तर बाकावर चक्क वळचणीचं पाणी गळतंय. गडकरी रंगायतनच्या खिडकीवर तिकीट घेतले, आणि मध्यंतरात वड्याऐवजी उसळ मिळाली. रस्ता पाठ असतोच, त्यामुळे क्रम चुकत नाही. ठाणे पासवर्डात असू नये, ते आठवणीत असावे. कोपरखैरण्याच्या माणसाने आपल्या सेक्टरचा रस्ता घ्यावा.

मराठी शब्द घेतल्यास लिपीचा प्रश्न येतो. अनेक संकेतस्थळे देवनागरी पासवर्ड स्वीकारत नाहीत. स्वीकारला तरी ‘ऱ’सारखे अक्षर एका कळफलकावर एका संकेताने, दुसऱ्यावर ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन संकेतांनी उमटू शकते. दिसायला तेच, यंत्राच्या लेखी वेगळे. म्हणून शब्द रोमन अक्षरांत लिहिणे बरे. तिथेही ‘झ’ कोणी जे-एचने लिहितो, कोणी झेड-एचने. आपले स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. मराठी यादी घरीही करता येते: १,२९६ शब्द लिहिले की एका शब्दाला चार वेळा फासा पुरतो आणि सात-आठ शब्दांत तेवढीच ताकद येते.

एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, निदान ६४ अक्षरे चालू द्यावीत आणि गळती झालेले पासवर्ड नाकारावेत असे सांगितले. तरी कित्येक ठिकाणी आजही लांबीवर मर्यादा आणि चिन्हाची सक्ती असते. चिन्हाची सक्ती असेल तिथे दोन शब्दांमध्ये एक ठरलेले चिन्ह आणि एक आकडा टाकून वेळ निभावते.

प्रत्येक खात्याला वेगळी माळ पाठ करणे कोणालाच जमणार नाही, जमवूही नये. एकच पासवर्ड सगळीकडे वापरणे मात्र सर्वांत घातक. एका दुकानाच्या गळतीने ईमेलही उघडतो. लॅपटॉप, मुख्य ईमेल आणि पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारा प्रोग्रॅम, एवढ्यांसाठी तीन माळा पुरतात; बाकी खात्यांचे पासवर्ड हा मॅनेजर स्वतः तयार करून सांभाळतो. पण फोनवर गोड बोलून विचारणाऱ्याला आपणच सांगून टाकला, तर कितीही लांब माळ वाचवत नाही. पैसे गेल्यास १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे.

नवी माळ पहिला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ टाइप करावी. तोवर ती कागदावर लिहून कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवायला काहीच हरकत नाही. दूर कुठेतरी बसलेल्या हल्लेखोराचा हात नौपाड्यातल्या कपाटापर्यंत पोचत नाही. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी मात्र ऑफिसात येणारा-जाणारा प्रत्येकजण वाचतो.