मोठं कॅबिनेट म्हणजे थंड पीसी?

पीसी असेंबल करायला निघालेल्याला कॅबिनेटबद्दल, म्हणजे सगळे भाग बसवतात त्या डब्याबद्दल, हा सल्ला हमखास मिळतो: ‘कॅबिनेट मोठं घे, आत हवा जास्त राहते, मशीन तापत नाही.’ मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर दुकानांतही हे ऐकलंय. ऐकायला पटतं, पण हिशेब करून बघा.

५० लिटरच्या कॅबिनेटमध्ये हवा मावते जेमतेम ६० ग्रॅम. गेम खेळताना पीसी ३०० वॉट उष्णता सोडत असेल आणि हवा कोंडलेली असेल, तर ती सेकंदाला सुमारे ५ अंशांनी तापेल. डबा दुप्पट केलात तर अडीच अंशांनी. म्हणजे साठलेल्या हवेचा उपयोग जवळपास शून्य. हवा किती वेगाने बदलते, त्यावरच सगळं ठरतं.

म्हणून आधी पुढची बाजू बघा. तिथे सलग काच असेल आणि कडेला बोटभर फट, तर आतले तीन रंगीबेरंगी पंखे नुसते दिवाळीचे आकाशकंदील! त्यापेक्षा पुढे जाळी, आत ओढणारे दोन १२० मिमी पंखे आणि मागे बाहेर फेकणारा एक, एवढं असलेलं लहान कॅबिनेट सरस ठरतं. जाळीमागे धुळीचा फिल्टर हवा, आणि तो काढून धुता आला पाहिजे.

मोठेपणाचा फायदा आहे, पण तो जागेचा. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड, ठरावीक मापांत येतो: एटीएक्स मापाचा ३०५ × २४४ मिमी असतो, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४. तो, ग्राफिक्स कार्डची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी ताडून बघा, मगच पैसे द्या.