अवतारांची बैठक

केस पिंजारलेले, सदरा चुरगळलेला, अशा वेशात कुणी समोर आलं की आपण म्हणतो, ‘काय हा अवतार!’ संगणकातल्या आभासी जगात नेमकं उलटं होतं. माणूस घरी कसाही बसलेला असो, त्याचा ‘अवतार’ मात्र कडक इस्त्रीत सभागृहात हजर. 1986 च्या सुमारास लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या खेळात पडद्यावरच्या पात्रांना हा आपला शब्द मिळाला आणि तो पुढे टिकला.

2003 मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या इंटरनेटवरच्या आभासी जगात अवतारांच्या बैठका भरू लागल्या. 2008 मध्ये आयबीएमने आपल्या दोनशेहून अधिक तंत्रज्ञांची परिषद तिथेच घेतली. प्रवास-मुक्कामाचा खर्च वाचला, हे उघडच. पण या सगळ्यात मला मौज वाटते ती आवाजाची.

साध्या व्हिडिओ कॉलवर सगळ्यांचे आवाज एकाच ठिकाणाहून येतात. दोघं एकदम बोलले की गोंधळ. लग्नाच्या पंगतीत मात्र शंभर जण बोलत असूनही शेजारच्या काकूंचं बोलणं नीट कळतं. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला साधारण 0.6 मिलिसेकंद उशिरा पोचतो, शिवाय मध्ये डोकं आडवं आल्याने थोडा क्षीणही होतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो आणि हवा तो आवाज वेचून घेतो. आभासी सभागृहात संगणक हाच फरक हिशेबाने हेडफोनमध्ये उतरवतो. अवतार दूर गेला की त्याचा आवाजही विरत जातो. मग एकाच दालनात चार कोंडाळी चार विषयांवर गप्पा मारू शकतात, आणि कंटाळलेल्याला हळूच काढता पाय घेता येतो. (व्हिडिओ कॉलवरून सटकलेला लगेच सगळ्यांना दिसतो!)

निक यी, जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंड लाइफमध्ये कोण कुणापासून किती लांब उभं राहतं, हे मोजलं. 2007 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन पुरुष-अवतार हे दोन स्त्री-अवतारांपेक्षा एकमेकांपासून जास्त अंतर राखत. अंतर कमी झालं, की अवतार नजरेला नजर देणं टाळत. लिफ्टमध्ये आपण छताकडे बघतो, तसंच. इथे धक्का लागणार नाही, कुणाच्या घामाचा वास येणार नाही, तरीही.

चेहऱ्यावरची बारीक आठी मात्र अशा अवताराला जमत नाही. डुलकी जमते. कळफलकाला बराच वेळ हात लागला नाही, की सेकंड लाइफमधला अवतार भर सभेत मान खाली टाकतो.