रेट्रो सुपरहीरो कॉमिक्सची ओढ

रेट्रो सुपरहीरो कॉमिक्स म्हणजे जुनी कॉमिक्स नव्हेत, तर जुनी दिसावीत म्हणून मुद्दाम तशी काढलेली नवी कॉमिक्स. बोलताना लोक दोन्हीला रेट्रोच म्हणतात, ते चालतं.

जुनी म्हणजे नक्की कधीची, यावर मात्र एकमत नाही. अमेरिकन कॉमिक्सचे दोन जुने कालखंड ढोबळमानाने असे धरतात: १९३८ पासून १९५० च्या आसपासपर्यंत गोल्डन एज आणि १९५६ पासून साधारण १९७० पर्यंत सिल्व्हर एज. पीटर कूगनसारखे अभ्यासक सुपरहीरोला ध्येय, शक्ती आणि ओळख अशा तीन अटी लावतात आणि सुरुवात १९३८ च्या सुपरमॅनपासून करतात. पण अमेरिकन लेखक ली फॉकचा फॅन्टम १७ फेब्रुवारी १९३६ लाच पेपरात आलेला, अंगाला चिकटलेला ड्रेस, मुखवटा, बुबुळं न दिसणारे डोळे सगळं होतं, नव्हती ती फक्त अचाट शक्ती. व्याख्या कडक लावली तर तो बाद होतो, पण रेट्रोमध्ये प्रश्न मुळात दिसण्याचाच आहे, त्यामुळे १९३६ धरलेलं जास्त बरं. त्याच्या ड्रेसचा रंग फॉकच्या डोक्यात राखाडी होता, १९३९ ला रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा जांभळा छापला गेला आणि तोच चिकटला (इटलीत तो लाल, स्वीडनमध्ये निळा!).

खरी गंमत छपाईत आहे. स्वस्त न्यूजप्रिंट, काळ्या रेषा आणि लाल, पिवळी, निळी अशा तीन शाया. प्रत्येक शाई अजिबात नाही, २५ टक्के, ५० टक्के किंवा पूर्ण अशा चारच पायऱ्यांत, म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार, एकूण ६४ रंग, बस. हलका रंग ठिपक्यांनी यायचा, म्हणून सुपरहीरोचे गाल जवळून बघितले तर गोवर उठल्यासारखे दिसतात. या ठिपक्यांना सरसकट बेन-डे म्हणतात, ते नाव बेंजामिन डे ज्युनियरच्या १८७९ च्या पद्धतीवरून आलं आणि १९६१ पासून अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइनने तेच ठिपके मोठे करून कॅनव्हासवर रंगवल्यामुळे घरोघर पोचलं, पण काटेकोर बोलायचं तर कॉमिक बुकातले बरेचसे ठिपके त्या पद्धतीचे नाहीत, त्यांना नुसतं स्क्रीनचे ठिपके म्हणणं योग्य. त्यात छपाईच्या प्लेटा (प्रत्येक शाईची वेगळी) जरा हलल्या की लाल केप रेषेच्या बाहेर सांडायची. तेव्हा ही चूक होती, आता कॉम्प्युटरवर मुद्दाम बसून तीच चूक करतात. १९९३ ला कॉमिक्स लेखक अॅलन मूरने ‘१९६३’ नावाची मालिका केली, त्यात जुन्या जाहिराती आणि वाचकांची पत्रंसुद्धा खोटी खोटी बनवून टाकलेली.

आपल्याकडे हा सगळा वारसा आला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ ला सुरू केलं, मराठीतही निघायचं, फॅन्टम इथे वेताळ झाला आणि त्याचा देश बंगाला, ते बंगालसारखं ऐकू येतं म्हणून डेंकाली झालं. १९७६ ला त्यातच आबिद सुरतींचा देशी नायक बहादूर आला, १९८६ ला राज कॉमिक्सचा नागराज, तो हिंदीतच वाचला जायचा. इंद्रजाल १९९० ला बंद पडलं.

ठाण्यात नौपाड्याच्या वाड्यांमधली मुलं सुट्टीत एकेक अंक दहा हातांत फिरवायची, रद्दीवाल्याकडे गेलेले अंक पुन्हा विकत घेणारे पन्नाशीचे लोक बहुतेक त्यातलेच. म्हणून ही ओढ म्हणजे निव्वळ बालपणाची आठवण असं मानायची पद्धत आहे. नवी मुंबईला ते लागू पडत नाही. वाशीला लोकल पोचली मे १९९२ मध्ये, तोवर इंद्रजाल बंद होऊन गेलेलं, त्यानंतर तिथे वाढलेल्या पोराने वेताळ ताजा असा कधी पाहिलाच नाही, तरी ऐरोलीच्या आयटी पार्कात लॅपटॉपवर ठिपकेवाला स्टिकर लावणारा तोच असतो. त्याला आठवण कसली, त्याला ते ६४ रंग आणि सांडलेली केप आवडते.