हिस्टेरोस्कोपी

योनीमार्गातून बारीक दुर्बीण आत नेऊन गर्भाशयाची पोकळी पाहण्याची पद्धत. ‘दुर्बिणीने करू’ एवढेच कानावर पडले, की नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत बसलेल्या बाईला पोटाला भोके पाडून करायची लॅपरोस्कोपी आठवते. दोन्हींना बोलीत एकच शब्द, त्याचा हा घोळ. हिस्टेरोस्कोपीत पोटावर छेद नसतो, टाकाही नसतो.

तपासणीची दुर्बीण साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाडीची असते. पिशवीच्या भिंती एरवी एकमेकींना टेकलेल्या असतात, म्हणून सलाईन सोडून पोकळी फुगवतात. मग पडद्यावर गुलाबी अस्तर दिसते आणि वरच्या दोन कोपऱ्यांत गर्भनलिकांची इवलीशी तोंडे. त्या महिन्याच्या पाळीचा रक्तस्राव थांबल्यानंतरचे पहिले काही दिवस यासाठी सोयीचे, कारण तेव्हा अस्तर पातळ असते.

पँतालिओनी या डॉक्टरांनी १८६९ मध्ये अशी पहिली तपासणी केली, ती पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या ६० वर्षांच्या बाईची. आत पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मऊ कोंब, सापडला. आजही पाळी गेल्यावर अंगावरून जाणे हे या तपासणीचे एक मोठे कारण आहे. अंदाजाने केलेल्या क्युरेटिंगमध्ये, म्हणजे न पाहता अस्तर खरवडण्यात, छोटा पॉलिप सहज निसटतो. दुर्बिणीत तो दिसतो आणि बहुधा त्याच बैठकीत काढता येतो. पोकळीत डोकावणारी फायब्रॉइडची गाठ, जन्मजात पडदा, दोरा वर सरकलेली तांबी यांचेही तसेच. मूल राहत नसेल, तर भिंती चिकटल्या आहेत का हे पाहतात. आपल्याकडे त्यामागे कधी कधी गर्भाशयाचा क्षयरोग निघतो. पाळीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘पिशवीच काढून टाका’ सांगण्याआधी आत एकदा पाहिलेले बरे.

गर्भ असताना किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग असताना ही तपासणी करत नाहीत. गर्भाशयाला छिद्र पडणे हा क्वचित होणारा धोका. लांबलेल्या शस्त्रक्रियेत सोडलेले पाणी रक्तात शोषले जाते, म्हणून आत किती गेले, बाहेर किती आले याचा हिशेब नर्स ठेवते.

नुसती तपासणी अनेकदा भूल न देताही होते आणि भंडाऱ्याहून आलेली बाई संध्याकाळच्या एसटीने परतू शकते. थोडे पोट दुखणे, एक-दोन दिवस डाग दिसणे चालते. ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव आला तर लगेच दाखवावे. तपासायला तुकडा पाठवला असेल, तर त्याच्या रिपोर्टसाठी आणखी एक खेप होतेच.