व्यापारी प्रदर्शनातील सहभाग

उत्पादक आणि घाऊक खरेदीदार यांना ठरावीक दिवस एका छपराखाली आणणारी व्यवस्था म्हणजे व्यापारी प्रदर्शन. जत्रेत माल विकून संध्याकाळी गल्ला मोजतात. प्रदर्शनात नमुना दाखवून पुढच्या सौद्याची बोलणी सुरू करतात. जर्मनीतील लाइपझिगच्या मेळ्याला १४९७ मध्ये सम्राटाची सनद मिळाली. तिथे चारशे वर्षे गाड्या भरभरून माल येत असे. १८९५ पासून ढिगांऐवजी नमुने मांडून मागणी नोंदवण्याची पद्धत तिथे रूढ झाली आणि आजच्या प्रदर्शनाचा साचा तयार झाला. सांगलीकराला यात नवल वाटू नये. मार्केट यार्डात पोत्यातून मूठभर हळकुंडे काढून, एखादे मोडून, आतला रंग पाहूनच बोली लागते.

सांगली जिल्ह्यातून प्रदर्शनांना जाणारा माल तऱ्हेतऱ्हेचा आहे : २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद, तासगाव भागातला बेदाणा, मिरजेची तंतुवाद्ये (सतार आणि तानपुऱ्याला मानांकन २०२४), कुपवाड-मिरज औद्योगिक वसाहतींतले यंत्रांचे सुटे भाग. त्यामुळे ‘चांगले प्रदर्शन कोणते’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. पुण्याजवळच्या मोशीच्या ‘किसान’ कृषी प्रदर्शनात शेतकरी येतो. ठिबकचे साहित्य, फवारणी यंत्र बनवणाऱ्याला तो हवा असतो, बेदाण्याच्या निर्यातदाराला त्याचा फारसा उपयोग नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८० पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात सुरुवातीचे दिवस व्यापाऱ्यांसाठी राखीव असतात, मग सर्वांना प्रवेश मिळतो. पहिल्या टप्प्यात नमुन्याच्या पुड्या आणि दरपत्रक चालते, दुसऱ्यात पाव किलोची पाकिटे. ही तयारी वेगवेगळी न केल्याने अनेकांची पाकिटे व्यापाऱ्यांपुढे पडून राहतात आणि दरपत्रके गर्दीच्या पिशव्यांत जातात.

हंगामाचा विचार जागाभाड्याइतकाच महत्त्वाचा. डिसेंबरातल्या प्रदर्शनात हळदवाल्याकडे जुना साठा असतो आणि नवी हळद अजून शेतात उभी असते. अशा वेळी ठाम दर सांगणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे. बेदाणा त्या मानाने सोयीचा, कारण शीतगृहातला माल दाखवता येतो. पण हिरवा बेदाणा दिवसभर दिव्याखाली उघड्या ताटात ठेवला तर दमट हवेत चिकट होतो. तासातासाने ताट बदलावे, एवढाच त्यावर उपाय.

सर्वात लहान तयार स्टॉल सहसा ३ × ३ मीटर, म्हणजे ९ चौरस मीटरचा असतो. टेबल, दोन खुर्च्या, पाटी, थोडे दिवे आणि एक प्लग एवढे भाड्यात येते. यंत्र चालवून दाखवायचे असेल तर थ्री-फेज जोडणी आधी अर्ज करून, वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. बंद यंत्रासमोर कोणी थांबत नाही. कोपऱ्याचा स्टॉल दोन बाजूंनी उघडा असल्याने महाग पडतो, पण परवडत असेल तर घ्यावा. टेबल मात्र तोंडाशी आडवे लावू नये. दुकानाच्या सवयीने बहुतेकांचा हात तिकडेच जातो आणि मग आलेला माणूस बाहेरूनच परततो. मिरजेच्या तानपुऱ्याची अडचण निराळी. शेजारच्या स्टॉलवर भोंगा चालू असताना त्याची आस, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद, ऐकू जाणार कशी? अशा कारागिराने स्टॉलवर वाद्य दाखवावे आणि ऐकवण्यासाठी संध्याकाळी शांत खोलीत बोलवावे.

सहभागाचे खरे मोल ठरते ते आलेल्या माणसाशी झालेल्या बोलण्याच्या नोंदीवर. चौथ्या दिवशी खिशात दोनशे कार्डे असतात आणि कोण काय म्हणाला ते एकाचेही आठवत नाही. जुने व्यापारी यासाठी कार्डाच्या पाठीवर माणूस समोर असतानाच लिहितात : ‘गड्डा नको, हळकुंड, पॉलिश, २ टन, मार्च, नमुना दिला.’ (गड्डा म्हणजे हळदीचा मधला गोल कंद.) नमुन्याच्या पुडीवर आणि कार्डावर एकच क्रमांक टाकला तर पुढे फोनवर ‘तुमची ती १७ नंबरची’ म्हणून बोलता येते. परदेशी खरेदीदार एचएसएन क्रमांक, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, विचारतो. हळदीचा ०९१०३०, बेदाण्याचा ०८०६२०. तो आठवायला घरी फोन लावणाऱ्याकडे पुन्हा येण्याचे त्याला कारण उरत नाही. परतल्यावर पहिल्या आठवड्यात पाठपुरावा झाला तरच या नोंदीला अर्थ. यार्डात साचलेल्या कामात तो मागे पडतो, म्हणून स्टॉलवर न गेलेल्या माणसाकडे तो सोपवणे बरे.

सूक्ष्म व लघु उद्योगांना केंद्र सरकारच्या योजनेतून जागाभाड्याचा काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, लागते.

शेवटच्या दुपारी आयोजकांचा माणूस पुढच्या वर्षीच्या आरक्षणाचा कागद घेऊन सवलतीसह फिरतो. तेव्हा सही करण्याची घाई नडते. डिसेंबरातल्या ओळखीतून हळदीची पहिली मागणी नवा माल यार्डात आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आणि स्टॉल वसूल झाला की नाही हे उन्हाळ्यात कळते.