मुलांच्या हाडा-सांध्यांची सोनोग्राफी: येण्याआधी एवढं वाचाच

मुलाला उपाशी आणू नका. उपाशी राहणं, लघवी तुंबवणं हे पोटाच्या सोनोग्राफीसाठी असतं, मनगट, कोपर, खुबा बघायला त्याचा काही उपयोग नाही. तरी तसंच आणतात. मागच्या आठवड्यात चार वर्षांची मुलगी आली, झोपाळ्यावरून पडून कोपर सुजलेलं, सकाळपासून पोटात काही नाही आणि वर पाणी पाजपाजून आणलेली, पोर हात टेकवूच देईना. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास गेला, शेवटी आईने बिस्किटं दिली, मग तिच्या मांडीवर बसून दोन मिनिटं शांत राहिली आणि तेवढ्यात सगळं दिसलं. हलत्या हातात बारीक तडा सापडत नाही हो. म्हणून खाऊ घालून आणा, सोबत आवडतं खेळणं. आणि आंबेहळदीचा लेप नको, तो पुसताना लेकराला फार दुखतं. चोळणं तर अजिबात नको.

फक्त हात उघड वाकडा दिसत असेल, बोटं गार-निळी पडली असतील तर आमच्याकडे न येता सरळ हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

एक्स-रे असताना हे कशाला, असं बरेच विचारतात. लहान मुलांच्या हाडांची टोकं बरीचशी कुर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असतात, ती एक्स-रेत दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात, सांध्यात पाणी झालंय का तेही कळतं आणि किरणं नाहीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला मनगटाजवळ लागलेल्या ५ ते १५ वर्षांच्या २७० मुलांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला, आधी सोनोग्राफी केलेल्यांचा हात चार आठवड्यांनी एक्स-रेवाल्यांइतकाच चांगला चालत होता. पण हाडाच्या आतलं सोनोग्राफीत दिसत नाही, त्यामुळे शंका आली की एक्स-रे काढा असं आम्ही स्वतःच सांगतो.

चांगला हातही का बघता? वाढत्या हाडाच्या टोकाशी फट असते, ती नवख्याला तड्यासारखीच वाटते, म्हणून दोन्ही हात ताडून बघतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि सुरुवात चांगल्या हातापासून करतो, जेल कोमट करून, म्हणजे दुखत नाही हे पोराला आधी कळतं.

ताप आहे आणि मूल पाय टेकवत नाही, तर उद्यावर ढकलू नका, खुब्यात पू असू शकतो, लगेच डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पाठवलं तर अशा मुलांना आमच्याकडे नंबर लावावा लागत नाही, आल्या आल्या आत घेतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीचे एक्स-रे तेवढे विसरू नका.