थर वाळवंटातील अन्नसाखळी

थर वाळवंटातील अन्नसाखळी : राजस्थानचा पश्चिम भाग, त्याला लागून असलेला गुजरात, हरियाणा व पंजाबचा काही प्रदेश आणि पाकिस्तानातील सिंध व पंजाबचा काही भाग व्यापणाऱ्या थर वाळवंटात वनस्पतींनी साठवलेली सौरऊर्जा भक्ष्य-भक्षक संबंधांतून एका सजीवाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचा क्रम. या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे 100 ते 500 मिमी. पाऊस पडतो. त्यातील बहुतांश जुलै ते सप्टेंबरमध्ये येत असल्याने आणि एखाद्या वर्षी तोही चुकत असल्याने थोड्या आठवड्यांत तयार झालेले अन्न पुढे अनेक महिने पुरवणे, हा येथील अन्नसाखळीचा मूळ प्रश्न आहे.

उत्पादकांमध्ये, म्हणजे स्वतःचे अन्न तयार करणाऱ्या वनस्पतींमध्ये, सेवण या बहुवर्षायू गवताचे महत्त्व सर्वाधिक आहे. त्याचा वरचा भाग वाळला तरी मुळे जिवंत राहतात व पहिल्या सरींनंतर त्याला पुन्हा फुटवे येतात. फोग, नेपती व बोरीची झुडपे आणि खेजडी (शमी) खोलवरची ओल शोषतात, त्यामुळे उन्हाळ्यातही त्यांचा पाला व फळे प्राण्यांच्या उपयोगी पडतात. वर्षायू वनस्पती मात्र पावसानंतर झपाट्याने वाढून बी टाकतात आणि मरून जातात. मातीत पडून राहणारे हे बी कोरड्या काळातील मोठा अन्नसाठा ठरते.

त्या साठ्यावर वाळवंटी जर्ड हा दिवसा वावरणारा बिळवासी कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा प्राणी) जगतो. तो बियांबरोबर पाने, मुळे आणि प्रसंगी कीटकही खातो. त्याला लागणारे बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते व त्याला खाणाऱ्या वाळवंटी मांजरालाही भक्ष्याच्या शरीरातील ओलावा उपयोगी पडतो. त्यामुळे येथे अन्नाबरोबर पाण्याचाही पुरवठा होत असतो, आणि वाळवंटी अन्नसाखळीचा विचार करताना ही बाब ऊर्जेइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. सांडा हा प्रामुख्याने शाकाहारी सरडा आपल्या जाड शेपटीत चरबी साठवतो आणि हिवाळ्यात बिळाचे तोंड मातीने बंद करून आत राहतो. लग्गड ससाणा, खोकड, घोरपड व साप सांड्याची शिकार करतात.

एका पोषण पातळीवरून (अन्नसाखळीतील पायरीवरून) पुढच्या पातळीवर सरासरी दहावा हिस्साच ऊर्जा पोचते, असे ढोबळमानाने मानले जाते. मुळात वनस्पतींचे उत्पादन अल्प असल्यामुळे येथे मोठे भक्षक विरळ असतात. सरडे, साप व कीटक शरीर उबदार ठेवण्यासाठी अन्न खर्च करत नाहीत. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षा त्यांना कितीतरी कमी अन्न पुरते, आणि म्हणूनच साखळीच्या मधल्या कड्यांत त्यांचे स्थान भक्कम आहे.

वाळलेले गवत व लाकूड यांचा मोठा हिस्सा चरणाऱ्या प्राण्यांऐवजी वाळवीच्या वाट्याला जातो. कोरड्या मातीत जिवाणू व बुरशी यांचे काम मंदावते, तेव्हा वाळवी जमिनीखालील दमट वारुळात सेल्युलोजचे पचन चालू ठेवते. सरडे, पक्षी आणि मुंग्या वाळवी खात असल्याने मृत वनस्पतींमधील ऊर्जा पुन्हा मांसाहारी प्राण्यांपर्यंत येते. साखळीचा हा दुवा सहज नजरेस पडत नाही, पण त्याच्यावाचून तिचा उलगडा होत नाही.

चांगला पाऊस झालेल्या वर्षी टोळांची संख्या भरमसाट वाढते. 2020 मध्ये राजस्थानातून निघालेल्या टोळधाडी विदर्भापर्यंत पोचल्या होत्या. पिकांना घातक असणारे हे टोळ अनेक पक्ष्यांचे अन्न असतात. माळढोक हा सर्वभक्षी पक्षी नाकतोडे, टोळ व भुंग्यांबरोबर बोरे आणि नेपतीची फळेही खातो. एकेकाळी सोलापूरजवळील नान्नज परिसरात नियमित आढळणाऱ्या या पक्ष्याचे आज जगातील प्रमुख आश्रयस्थान जैसलमेरचे गवताळ पट्टे हेच उरले आहे.

आज थरमधील चरणाऱ्या प्राण्यांत चिंकाऱ्यांपेक्षा गाई, शेळ्या, मेंढ्या व उंट यांचेच प्राबल्य आहे. त्यांच्या मृतदेहांवर गिधाडे जगतात. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाचे अंश मृतदेहांतून पोटात गेल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली व भारतात त्यांची संख्या प्रचंड घटली. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. इंदिरा गांधी कालव्याच्या सिंचनामुळे सेवणाचे अनेक पट्टे शेतीखाली गेले आहेत, तर वस्त्यांजवळील मृत जनावरांवर व उकिरड्यांवर वाढलेली मोकाट कुत्री चिंकाऱ्याच्या पाडसांवर आणि माळढोकाच्या जमिनीवरील अंड्यांवर तुटून पडतात. माळढोक बहुधा एका वेळी एकच अंडे घालत असल्याने ही हानी भरून येणे फार कठीण असते.